प्रिंटसाठी या नंबरवर पाठवा

साताऱ्यात पोवई नाक्याच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांना तोटा नाही. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, कोर्ट सगळं जवळजवळ, त्यामुळे हातात फाइल घेऊन धावपळ करणारं माणूस इथं दिवसभर दिसतं. यातल्याच एका दुकानात जून 2025 मध्ये जे घडलं, त्याचं हे प्रकरण. दुकान आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून किरकोळ तपशील बदललेत, नाव कुणाचंच दिलेलं नाही. माझा संबंध इतकाच, की अशा दुकानांचे आणि छोट्या ऑफिसांचे संगणक मी सांभाळतो. भानगड झाल्यावर मालकांनी मला बोलावलं.

दुकान म्हणजे एक गाळा. दोन संगणक, सेकंडहँड घेतलेलं एक मोठं झेरॉक्स मशीन, एक रंगीत प्रिंटर, लॅमिनेशनची सोय, आणि मालकांच्या हाताखाली एक पोरगा. काचेवर रेडियमच्या पिवळ्या अक्षरांत मोबाइल नंबर आणि वर ओळ: ‘प्रिंटसाठी या नंबरवर पाठवा’. ही ओळ आळसातून आलेली नाही. आधी लोक पेनड्राइव्ह आणायचे. एकाच्या पेनड्राइव्हमधला शॉर्टकट व्हायरस संध्याकाळपर्यंत दहा जणांच्या घरी पोचायचा आणि शिव्या मालकांना बसायच्या. मग ईमेल आला. निम्म्या गिऱ्हाइकांना स्वतःचा पासवर्ड आठवायचा नाही, ज्यांना आठवायचा ते दुकानाच्या संगणकावर लॉग-इन करून तसेच निघून जायचे. व्हॉट्सॲपनं हे दोन्ही त्रास मिटवले. लोक रांगेत उभे राहून कागद पाठवतात, पोरगा व्हॉट्सॲप वेबवर उतरवून घेतो, प्रिंट देतो. दुकान चालतं ते या एका नंबरावर.

जून म्हणजे दाखल्यांचा महिना. उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन-क्रीमीलेअर, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सीईटीची धावपळ. अशा गर्दीत एक बाई आल्या. खाजगी शाळेत शिक्षिका, म्हणून इथं त्यांना मॅडमच म्हणतो. नवऱ्यापासून वेगळं होण्यासाठी वकिलांनी जो अर्ज तयार केला होता, त्याचा कच्चा मसुदा त्यांना छापून हवा होता. घरात अजून कुणाला पत्ता नव्हता. त्यांनी फाइल पाठवली, पाच-सहा पानं घेतली, पैसे दिले, गेल्या. त्याच वेळी काउंटरवर आणखी एक गृहस्थ होते, फेरफारच्या कामाला आलेले. त्यांनीही मोबाइलवर कागद स्कॅन करून पाठवले होते. (कॅमस्कॅनरवर जून 2020 मध्येच बंदी आली, पण साताऱ्यात कागद अजून ‘कॅमस्कॅन’ करूनच येतात.) दोघांच्याही फाइलला ॲपनं आपोआप एकच ठरावीक नाव दिलेलं. ब्राउजरनं दुसरीच्या शेपटीला कंसात 1 लावला आणि पोरानं घाईत दोन्हींना प्रिंट मारली. मॅडमना त्यांची पानं बरोबर मिळाली. पण तीच पानं आणखी एकदा निघाली आणि सातबाऱ्यात मिसळून गृहस्थांच्या पिशवीत गेली.

गृहस्थ मॅडमच्या सासरच्या गावचे निघाले. नुसते गावचे नाही, भावकीतले.

घरी जाऊन त्यांनी कागद चाळले आणि रात्री फोन फिरले. त्या माणसाचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. अशा वेळी गावाकडे गप्प बसणं हाच अपराध मानतात, आणि त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे ‘घर वाचवायला’ फोन केला. मॅडमच्या घरी त्या रात्री काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. मालक सांगतात, आवाज चढला नाही. त्यांनी एवढंच म्हटलं, “माझी फाइल कुठं आहे ते मला दाखवा.” मालकांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पहिल्यांदाच वळवली असणार, कारण वायर अडकून मागचा स्टेपलर खाली पडला. स्क्रीनवर डावीकडे चॅटची लांब यादी. सेव्ह केलेली नावं नव्हती, पण फोटो होते, आणि सातारा काही पुणे नव्हे. त्यात मॅडमच्या शाळेतले एक सर होते, खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, आणि त्यांचं स्वतःचं चॅट होतं. ते वर सरकवलं तर कालचा मसुदा, त्याच्यावर गेल्या वर्षीची पगाराची स्लिप, त्याच्यावर आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. शेवटी एका रक्ततपासणीचा रिपोर्ट. आपणच पाठवलेलं, आपणच विसरलेलं. मालकांनी त्यांच्यादेखत ते चॅट पुसलं. मॅडम म्हणाल्या, “आणि संगणकात?” तिथं मालकांची बोलती बंद झाली आणि मला फोन आला.

डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. खाली ओढत गेलो तर संपेचना. दुकानानं हा संगणक घेतल्यापासूनचं सगळं त्यात होतं. लग्नाच्या पत्रिकेचा नमुना, त्याला खेटून कुणाचं मृत्यू प्रमाणपत्र, त्याला खेटून पोलीस भरतीचं प्रवेशपत्र. आधारच्या फाइली तर ढिगानं. डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो हे खरं, पण तो असतो नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मसाल. म्हणजे माणूस ओळखीचा असला की कुलूप उघडंच. आणि ओळखीचा नसला तरी पुढच्याच मेसेजमध्ये गिऱ्हाईक स्वतः पासवर्ड लिहून पाठवतं, कारण पोरगा विचारतो.

क्रोममध्ये पोरांच्या शिष्यवृत्तीच्या लॉग-इनचे पासवर्ड सेव्ह होते. ज्यांना ईमेल नव्हता त्यांच्या फॉर्ममध्ये मालकांनी स्वतःचाच ईमेल टाकलेला, म्हणजे पासवर्ड बदलण्याची चिठ्ठी आयुष्यभर दुकानात येणार. ड्रॉवरमध्ये दोनशे पानी वही. पानावर विद्यार्थ्याचं नाव, युजर आयडी, पासवर्ड, बापाचा मोबाइल नंबर, कारण ओटीपी बापाच्या फोनवर येतो. मी बसलो होतो तेवढ्या वेळात पोरानं फोन लावून काउंटरवरून मोठ्यानं विचारलं, “काका, ओटीपी सांगा!” काकांनी सांगितला. पोरानं तो टंकताना पुन्हा मोठ्यानं म्हटला. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला.

व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये दुकानाच्या दोन संगणकांशिवाय तिसरं एक नाव दिसलं. मालकांना ओळखेना. पोरानं ओळखलं. आधी कामाला असलेल्या मुलाचा लॅपटॉप. तो दिवाळीला सोडून गेला होता, गर्दीच्या दिवसांत घरून फॉर्म भरायचा म्हणून जोडलेला. लॅपटॉप मधूनमधून चालू होत राहिला, त्यामुळे जोडणी आपोआप सुटलीच नाही. इतके महिने दुकानात आलेला प्रत्येक कागद तिकडेही उतरत होता. त्याला फोन केला तर म्हणाला, “राहूनच गेलं की ओ.” मला ते खरं वाटलं. पण खरं वाटणं हा काही पुरावा नव्हे. लॅपटॉप तिथल्या तिथं तोडला.

आता लोकांचं म्हणणं. पुढच्या चार-पाच दिवसांत काउंटरवर याच विषयाचा कीस पडत होता आणि मी ऐकत होतो.

कॉलेजचा एक मुलगा जोरात होता. त्याच्या मते सगळं पाप व्हॉट्सॲपचं. जानेवारी 2021 मधल्या त्या नव्या प्रायव्हसी पॉलिसीपासून नोव्हेंबर 2024 मध्ये स्पर्धा आयोगानं त्याच पॉलिसीवरून व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, मेटाला, केलेल्या 213.14 कोटींच्या दंडापर्यंत सगळं त्याला तोंडपाठ. उपाय एकच: दुकानानं टेलिग्रामवर जावं. मी त्याला म्हटलं, व्हॉट्सॲपवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेज वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी सोय, एप्रिल 2016 पासून सगळ्यांना आपोआप आहे, टेलिग्रामच्या साध्या चॅटला ते नाहीच, वेगळं सीक्रेट चॅट उघडावं लागतं. सिग्नल हे ॲप त्याबाबतीत चांगलं. पण सिग्नलवरून आलेली फाइलही याच डाउनलोड्समध्ये पडली असती, हाच पोरगा तिला प्रिंट मारणार होता. वाटेत कुणी वाचलं नाही हो, वाचलं ते पोचल्यावर! पुढं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अरट्टई या देशी चॅट ॲपची लाट आली तेव्हा हाच मुलगा पुन्हा दुकानात येऊन मालकांना ते ॲप टाकायला सांगत होता.

फौजेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज पेपर वाचायला दुकानात बसतात. आमच्याकडे फौजेतून आलेल्या माणसाला हुद्दा न विचारताच ‘मेजर’ म्हणतात, तसे हेही मेजर. त्यांचं म्हणणं साधं: ज्याला ज्या कागदाची गरज नाही त्याच्यासमोर तो कागद यायलाच नको. पोराला ते म्हणाले, “तू फाइल उघडतोस कशाला? छाप आणि दे.” पोरानं उत्तर दिलं, “मेजर, उघडल्याशिवाय कळतं का पान आडवं हाय का उभं?” यावर मेजरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

मालकांचं म्हणणं सगळ्यात कमी लेखलं गेलं, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं तेच होतं. “मी जपून ठेवतो असं म्हणताय. लोकच म्हणतात ना, दादा मागच्या वेळी पाठवलं होतं, त्यातनंच काढा की. पुसून टाकलं तर शेजारच्या दुकानात जातात.” हे शब्दशः खरं आहे. या गाळ्याची खरी कमाई प्रिंटच्या रुपयांत नाही, ती या आठवणीत आहे. खेड्यातून एसटीनं आलेल्या बाईला परत आधार शोधायला लावत नाही, म्हणून ती याच दुकानात येते. तिच्या फोनची मेमरी भरलेली असते, स्क्रीन फुटलेली असते. दुकान म्हणजे तिची कागदपत्रांची पेटी. ही सोय काढून घेऊन तिला ‘गोपनीयता’ देणं म्हणजे तिच्या दृष्टीनं चक्क तोटा.

कोर्टात नवीनच वकिली करणारा एक जण कायद्याचं बोलला. ऑगस्ट 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. घरगुती वापराला त्यातून सूट आहे, पण धंद्यासाठी लोकांचे कागद घेणारा झेरॉक्सवाला घरगुती नव्हे. त्याचे नियम तेव्हा यायचे होते; ते पुढं नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांत 18 महिन्यांची मुदत ठेवली. दंडाची वरची मर्यादा 250 कोटी, हे ऐकून मालक इतके हसले की वकीलही हसला. आणि गंमत अशी की हाच वकील आठवड्यातून दोनदा अशिलांचे अर्ज याच नंबरावर पाठवतो. मॅडमचा मसुदा त्यानं केलेला नव्हता, पण केला असता तरी याच वाटेनं आला असता.

मॅडमशी माझं बोलणं एकदाच झालं, नीट. मी त्यांना नेहमीच्या गोष्टी सांगितल्या. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा, आधारचे बायोमेट्रिक्स लॉक करा, पुढच्या वेळी मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “दादा, माझी माहिती कुठल्या कंपनीला कळली तर कळू दे. माझ्या सासूला कळायला नको होतं.”

या प्रकरणाचा कणा मला या वाक्यात दिसतो. ऑनलाइन खाजगीपणावर आपण जे बोलतो, वाचतो, पुढं पाठवतो, ते सगळं दूरच्या डोळ्याबद्दल असतं: मेटा, गूगल, सरकार, कुठला तरी हॅकर. तो डोळा खोटा नाही. आधारच्या प्रतीवर दुसऱ्यानं सिम काढल्याचे प्रकार होतात आणि त्याची झळ बसते. पण दूरच्या डोळ्याला मॅडम म्हणजे एक आकडा. जवळच्या डोळ्याला त्या अमक्याची सून, तमक्या शाळेतल्या बाई. साताऱ्यासारख्या गावात इभ्रत, सोयरीक, वाटणी, नोकरी हे सगळं जवळच्या डोळ्याच्या हातात आहे, आणि हा जवळचा डोळा झेरॉक्सच्या काउंटरवर रांगेत आपल्या मागंच उभा असतो. ‘आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे’ असं बिनधास्त म्हणणारा माणूस कंपनीपुरतं बोलत असतो. त्याला म्हणावं, तुझी पगाराची स्लिप मेव्हण्याला पाठवू का? लगेच गप्प होईल.

म्हणून दुरुस्ती करताना मी आधी जवळचा डोळा धरला. ॲप बदललं नाही. स्क्रीनचं तोंड बदललं. दुसरा मॉनिटर गिऱ्हाइकाच्या बाजूला लावून त्यावर फक्त छापायची फाइल दिसेल असं केलं. चॅटची यादी आतल्याच स्क्रीनवर. गिऱ्हाईक स्वतःच्या डोळ्यांनी पहिलं पान बघून ‘हो’ म्हणतं, मगच प्रिंट. आडवं-उभं तेही बघतं, त्यामुळे पोराचाही प्रश्न सुटला. शिवाय टोकन: चिठ्ठीवरचा आकडा गिऱ्हाइकानं फाइलीबरोबर लिहून पाठवायचा आणि पोरानं आकडाच पुकारायचा. आधी तो “घटस्फोटाचे कागद कुणाचे?” असं पुकारायचा, हे मला मागाहून कळलं. छापलेली पानं पालथी ठेवायची. ओटीपी गिऱ्हाइकानं स्वतः टंकायचा, वडील गावी असतील तर पोरानं कानाला फोन लावून ऐकायचा, उच्चारायचा नाही.

मग संगणक. विंडोजमध्ये स्टोरेज सेन्स नावाची सोय आहे. डाउनलोड्समधल्या न उघडलेल्या फाइली 1, 14, 30 किंवा 60 दिवसांनी ती आपोआप पुसते. ती एका दिवसावर ठेवली. व्हॉट्सॲपवर नव्या चॅटसाठी 24 तासांत मेसेज नाहीसे होण्याची सेटिंग लावली, फोनच्या गॅलरीत फोटो आपोआप उतरणं बंद केलं, कारण मेसेज नाहीसा झाला तरी गॅलरीतली प्रत राहते. जुन्या चॅटना ही सेटिंग लागत नाही, ती हातानं पुसावी लागली. पोराचे दोन दिवस त्यात गेले.

मोठ्या झेरॉक्स मशीनकडे मी मुद्दाम बघितलं. अशा मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि त्यात छापलेल्या कागदांच्या प्रती राहू शकतात. 2010 मध्ये सीबीएस या अमेरिकन वाहिनीनं वापरलेली मशीनं विकत घेऊन त्यांतून लोकांचे वैद्यकीय कागद बाहेर काढून दाखवले होते. त्यातलं एक मशीन ज्या आरोग्य विमा संस्थेचं होतं, तिला 2013 मध्ये 12 लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. आमच्या मशीनच्या सेटिंगमध्ये काम झाल्यावर डिस्कवरचं पुसून टाकण्याचा पर्याय होता, बंद ठेवलेला. चालू केला. ते कुठल्या ऑफिसातून इथं आलं आणि तिथले कुठले कागद पोटात घेऊन आलं, देव जाणे. आणि मालकांनी मागं भंगारात घातलेला जुना संगणक, त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं.

वहीचा तिढा मात्र बरेच दिवस राहिला. पोरगा ती द्यायला तयार नव्हता. “पोरं पासवर्ड विसरत्यात, मग फॉर्म राहिला की माझ्या नावानं रडत्यात.” शेवटी ठरलं की ज्यानं-त्यानं येऊन आपलं पान फाडून न्यायचं. बरेच जण घेऊन गेले. एका मुलानं पान नेलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि तो फोटो ‘सेव्ह राहू दे’ म्हणून दुकानाच्याच नंबरावर पाठवला. उरलेली पानं अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

मास्क्ड आधारचा प्रयोग पहिल्याच आठवड्यात आपटला. गिऱ्हाईक एका ऑफिसातून परत आलं, टेबलावरचे म्हणाले पूर्ण नंबर दिसला पाहिजे. दुसरं आलं, तिसरं आलं. मालकांनी काचेवर लावलेली सूचना काढून टाकली आणि मला ते चूक म्हणता येईना. झेरॉक्सवाल्यानं नियम पाळून काय उपयोग, पलीकडचं टेबल मानत नसेल तर?

दिवाळीनंतर पुन्हा गेलो, तोवर काय टिकलं होतं ते सांगतो. गिऱ्हाइकाकडचा मॉनिटर टिकला, आणि पक्का टिकला, कारण चुकीच्या प्रिंटांचा कागद वाचतो आणि मालकांना तो हिशेब पटला. टोकन गर्दीतच चालतं, एरवी नाही. ओटीपी पोरगा अजून कधीकधी मोठ्यानं म्हणतो, पण मेजर पेपरआडून खाकरतात. स्टोरेज सेन्स एका दिवसावरून 30 दिवसांवर गेलं होतं. कुणी बदललं विचारलं तर मालक म्हणाले, त्या वकिलानंच मागणी केली, त्याला तारखेपर्यंत अर्ज हाताशी लागतात. मी ते 14 वर आणलं. एवढ्यावर आमची तडजोड झाली.

मॅडम त्या दुकानात परत गेल्या नाहीत. मालकांना ते लागलं असावं. त्यांनी मला गळ घातली, की आता सगळं नीट केलंय, तेवढं त्यांच्या कानावर घाला. मी घातलं. त्या आता राजवाड्याजवळच्या एका दुकानात जातात. ते दुकान मला माहीत आहे. तिथंही काचेवर नंबर आहे, स्क्रीन आतल्या बाजूला आहे, टोकन नाही, आणि डाउनलोड्स न उघडताच सांगू शकतो कसं असेल ते. हे सगळं मी त्यांना म्हटलं.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “पण तिथं मला कोण ओळखतंय?”